काकड्या खाणाऱ्या हत्तिणीची शोकसभा

"आईची माया मरणालासुद्धा घाबरत नाही! आई जाते, पण तिचं प्रेम या डोंगरात, या झाडांत, या वाऱ्यात कायमचं उरतं!"

एवढं इंग्रजीत बोलून कॅम्पच्या खुन प्रसितनी, म्हणजे थाई भाषेत प्रसितसाहेबांनी, डोळे मिटले आणि पुढचं वाक्य आठवेपर्यंत ते छातीवर हात ठेवून उभे राहिले. हातातला माइक 'कुंईऽऽ' करून रडला. समोरच्या गवतावर अठ्ठावीस परदेशी विद्यार्थी बसले होते. त्यांतले एकोणीस जण रडत होते, सहा जण रडणाऱ्यांचे फोटो काढत होते आणि उरलेल्या तिघांना मुंग्या चावत होत्या.

"काय म्हणाला तो?" मागे केळीच्या खांबांच्या ढिगावर बसलेल्या केपोने विचारलं.

"म्हणाला, ती फोटोतली हत्तीण मेली," एवा म्हणाली. एवा तेरा वर्षांची, शहरातल्या वसतिगृहात राहून शिकणारी. तिचं इंग्रजी इतकं चांगलं होतं की गावातले मास्तर तिच्यासमोर जरा जपूनच बोलत.

केपोने फोटोकडे निरखून पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"मेली? अगं, आज सकाळी ती आमच्या काकड्या खाऊन गेली!"

नशीब, तो आपल्या डोंगरातल्या भाषेत ओरडला. आठ वर्षं डोंगरात राहूनही खुन प्रसितना ती भाषा येत नव्हती. त्यांना वाटलं, पोरगं शोक करतंय. त्यांनी मान डोलावली.

त्यांच्यासोबत तिसरी एक मुलगी होती. ती बारा वर्षांची नोपॉ. ती फोटोतल्या हत्तिणीच्या डाव्या कानाकडे बघत होती. कानाची खालची कड फाटलेली होती, पान कुरतडल्यासारखी. तो कान कसा फाटला, कोणत्या कुंपणात फाटला, आणि त्यावर आजोबांनी कोणता पाला लावला, हे तिला पाठ होतं.

ती मोगॉ होती. तिच्या आजोबांची मोगॉ.

खुन प्रसितचा हा कॅम्प डोंगराच्या या अंगाला, आणि मुलांचं गाव त्या अंगाला. दूरदूरच्या देशांतले विद्यार्थी तीन-तीन आठवड्यांसाठी कॅम्पवर येत. त्यांच्या कार्यक्रमात तीन गोष्टी असत: सेवा, प्राणिरक्षण आणि साहस. सेवा म्हणजे गावच्या शाळेची भिंत रंगवणं. ती आजवर अकरा वेळा रंगवून झाली होती आणि दर थरागणिक वर्ग किंचित लहान होत चालला होता. साहस म्हणजे बांबूच्या तराफ्यावरून नदीचा प्रवास. एप्रिलमध्ये नदीला घोट्याएवढं पाणी असतं, त्यामुळे तराफा ढकलत न्यावा लागे. साहस ढकलणाऱ्यांचंच होई. आणि प्राणिरक्षण म्हणजे लकी.

लकी हे हत्तीचं नऊ महिन्यांचं पोरकं पिल्लू. पाहुणे त्याला बाटलीने दूध पाजत, आणि दर आठवड्याला त्याच्या आईच्या समाधीपाशी शोकसभा भरे. इतके दिवस समाधीवर नुसता दगड होता. पण मागच्या तुकडीने तक्रार केली, की दगडाकडे बघून नीट रडू येत नाही. म्हणून आज पहिल्यांदाच फोटो लागला होता. कोणाचा लावायचा, याचा खुन प्रसितनी फार विचार केला नसावा. हत्तीसारखा हत्ती, तो कोण ओळखणार!

सुट्टी लागल्यापासून ही तिघं रोज कॅम्पवर केळीचे खांब पोचवत होती. केपो आणि एवा लकीला बघायला धावत. नोपॉ कधीच गेली नव्हती. ओझं टाकायचं आणि पाठ फिरवायची. पिल्लू बघितलं की तिला मोगॉचं न जगलेलं पिल्लू आठवे.

आज ती पहिल्यांदा वळली. लकी फोटोखालीच उभं होतं आणि एका परदेशी मुलीच्या हातातली बाटली चुटूचुटू चोखत होतं.

"केपो," नोपॉ हळूच म्हणाली, "मोगॉ मेली नाही, म्हणजे हे पोरकं नाही."

"मग आपलं पिल्लू...?"

"चल इथून. आधी बाहेर पडू."

मागच्या पावसाळ्यात खुन प्रसित स्वतः डोंगर ओलांडून आले होते. म्हणाले, हत्तीण गाभण आहे, आमच्याकडे डॉक्टर आहे, बाळंतपण आमच्याकडेच होऊ दे. फूंनी होकार दिला. फू म्हणजे आजोबा; नोपॉचे खरे, आणि बाकी अख्ख्या गावाचे मानलेले. मोगॉ गेली, आणि फू अंगणात सागाच्या लाकडाची एक छोटी घंटा कोरत बसले. त्यांच्या गावात हत्ती रानात मोकळा चरतो आणि मालक घरबसल्या घंटेच्या आवाजावरून सांगतो, तो कुठे आहे. दोन घंटांचा आवाज कधी सारखा नसतो. छोट्या घंटेचा आवाज नोपॉने तीन वेळा नापास केला. चौथ्यांदा तो जमला. आता फक्त गळा यायचा बाकी होता.

मग निरोप आला. पिल्लू मेलेलं जन्मलं. पुरून टाकलं. हत्तिणीला थोडी विश्रांती देऊन पाठवतो.

दोन महिन्यांनी मोगॉ परत आली, ती वेगळीच. समोर ऊस टाकला तरी खाईना. दुपार झाली की डोंगराकडे तोंड करून उभी राही आणि तिच्या स्तनांतून दूध जमिनीवर ठिबके. फू म्हणाले, हिचा जीव तिकडेच राहिलाय, बोलवायला हवा. त्यांनी भात, उकडलेलं अंडं, पांढरं सूत घेतलं. घंटेच्या दोराला सूत बांधलं आणि डोंगराकडे बघत हाक घातली, "ये गं मोगॉच्या जीवा, परत ये. डोंगरापलीकडे राहू नकोस. तिथं तुझं कोणी नाही."

जीव आला नाही. मोगॉ तशीच उभी. फूंना वाटलं, विधीत आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. नोपॉ दर वेळी सूत धरून बसली होती.

"खात्री करायला हवी," दुसऱ्या दिवशी एवा म्हणाली. वसतिगृहात राहणाऱ्यांना खात्रीशिवाय चैन पडत नाही. "फोटो चुकूनही लागू शकतो."

"कान चुकून फाटतो का?" केपो उखडला.

"घंटा," नोपॉ म्हणाली. "पिल्लू आईपाशी दोन महिने होतं. पोटात होतं तेव्हापासून ती घंटा ऐकत होतं. ती वाजवून बघू."

मोगॉच्या गळ्यातली घंटा काढणं सोपं होतं. ती गावाजवळ नदीच्या डोहात डुंबायला बसली की कोणीही काढू शकत होतं. अवघड होतं ते फूंना कळू न देणं. आवाज थांबला की ते झोपेतूनही उठत. म्हणून केपोने घरातून आईचं लाकडी भांडं आणि पळी आणली आणि तो नदीकाठी बसून तासभर 'टोक्, टोक्' वाजवत राहिला.

"आज मोगॉला सर्दी झालीय का रे?" फूंनी घरातून ओरडून विचारलं.

"हो फू! जराशी!"

तोवर नोपॉ आणि एवा डोंगर उतरून कॅम्पच्या मागच्या कुंपणाशी पोचल्या होत्या. लकीला पाजणारी ती मुलगी तिथेच होती. तिचं नाव टिल्डा. सतरा वर्षांची, उन्हाने नाक सोललेलं. तिची बॅग पहिल्याच दिवशी विमानतळावर हरवली होती, त्यामुळे तीन आठवडे ती एकाच पिवळ्या सदऱ्यात होती. बाकीचे पाहुणे तिच्यापासून जरा लांब बसत. लकीला मात्र दुसरं कोणी नकोच असे.

नोपॉने घंटा हलवली. एकदाच.

लकीने बाटली सोडली. दूध टिल्डाच्या पायांवर सांडलं. दोन्ही कान पंख्यासारखे उघडले, आणि पुढच्या क्षणी ते नोपॉच्या दिशेने असं सुटलं की कुंपणाचा बांबू वाकला. सोंडेने त्याने घंटा चाचपली. नोपॉचे हात चाचपले. मग मान वाकडी करून तिच्या पाठीमागे पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाची आई या एवढ्याशा मुलीच्या मागे कुठे लपली असेल, हे त्याला कळत नव्हतं.

नोपॉने घंटा पोटाशी धरली. खात्री झाली होती.

एवाने टिल्डाला सगळं सांगितलं. टिल्डाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"मी तीन शोकसभांत रडले!" ती म्हणाली. "जिवंत बाईसाठी!"

"हत्तिणीसाठी," एवाने दुरुस्ती केली.

"आणि रविवारी ते याला समुद्राकाठच्या नव्या कॅम्पला नेणार आहेत. ट्रकसुद्धा ठरलाय."

रविवार! मध्ये फक्त तीन दिवस होते.

फूंना सांगायचं काम नोपॉवर आलं. ते टोपली विणत होते. ती सांगत गेली आणि त्यांचे हात हळूहळू थांबले.

"फू, तू तेव्हा पिल्लू बघायला का नाही गेलास?"

"मी त्याच्या घरी भात खाल्ला होता, पोरी," फू म्हणाले. "ज्याच्या ताटात जेवलो त्याला म्हणू, की मेलेलं पिल्लू दाखव, मग विश्वास ठेवतो? असं कधी कोणी विचारतं का?"

त्यांनी टोपली पुन्हा हातात घेतली. बांबूची एक पट्टी वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली.

"म्हणजे विधी चुकला नव्हता," शेवटी ते म्हणाले. "तिचा जीव होता तिथेच बरोबर होता. मीच त्याला सांगत होतो, की तिथं तुझं कोणी नाही. एकदा नाही, तीनदा."

नोपॉने फूंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही तिने पाहिलं नाही. ती मुद्दाम कोंबड्यांकडे बघत राहिली.

फूंना लगेच निघायचं होतं. "नको!" तिघंही एकदम ओरडली. "भांडायला गेलास तर ते पिल्लू आजच हलवतील!" एवा म्हणाली. "सगळे पाहुणे जमलेले असताना जायला हवं. शनिवारी. निरोपाच्या शोकसभेत."

"फाटकावर पहारेकरी आहे," फू म्हणाले.

"रस्त्याच्या फाटकावर," केपो म्हणाला. "नदीला कुठे फाटक आहे? आणि नदीत पाणी तरी कुठे आहे?"

शनिवारी समाधी फुलांनी सजली होती आणि गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. निरोपाची सभा, म्हणून खुन प्रसितनी पांढरे कपडे घातले होते. तिघं मुलं पहिल्याच रांगेत येऊन बसली. भाषण रंगलं, वाढलं आणि संपायला आलं. मोगॉचा मात्र पत्ता नव्हता!

"उशीर का होतोय?" एवा कुजबुजली.

"वाटेत कलिंगडांचा मळा आहे," केपो कपाळावर हात मारून म्हणाला. मग तो उठला आणि मोडक्यातोडक्या थाईत म्हणाला, "साहेब, ते मायेचं पुन्हा सांगा ना! मला नीट रडता आलं नाही!"

खुन प्रसित गहिवरले. एवढा जाणकार श्रोता त्यांना आठ वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. डोंगर झाले, झाडं झाली, वारा झाला.

"आणि आज जर ती आई एकदा, फक्त एकदा, इथे येऊ शकली असती...!"

टोक्. टोक्. टोक्.

नदीच्या काठावरचं गवत दुभंगलं. आधी एक फाटका कान दिसला, मग लाल विणलेला सदरा घालून मानेवर ताठ बसलेले फू, आणि मग तोंडाला कलिंगडाचा लाल गर लागलेली, स्वतःच्या शोकसभेला थोडी उशिरा आलेली मोगॉ.

अठ्ठावीस तोंडं उघडी पडली. सर्वांनी मोगॉकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा मोगॉकडे पाहिलं. मोगॉने समाधीवरचा झेंडूचा हार उचलला आणि खाल्ला.

"ही... ही तिची बहीण आहे!" खुन प्रसित माइकमधून म्हणाले.

"आणि बहिणीचाही कान तिथेच फाटला?" टिल्डा उठून ओरडली.

फू खाली उतरले आणि खुन प्रसितच्या समोर जाऊन उभे राहिले. अख्खं गाव ज्या शब्दांनी एकमेकांची विचारपूस करतं, तेवढेच शब्द त्यांनी थाईत उच्चारले.

"प्रसित, भात खाल्लास का?"

खुन प्रसितच्या हातून माइक पडला. यावेळी तो रडलासुद्धा नाही.

आणि मग लकी धावलं. आरडाओरड्यातून, खुर्च्या पाडत, घंटेच्या आवाजाकडे सरळ धावलं! नोपॉने केपोचा हात इतका घट्ट दाबला की तो कळवळला. मोगॉच्या पोटातून असा खोल आवाज निघाला की तो कानांना नाही, पायांना ऐकू आला. तिने सोंड लांब केली.

हातभर अंतरावर लकी थबकलं.

त्याने वर पाहिलं. ही केवढी मोठी! हिचा वास कसला! सोंड त्याच्या कपाळाला लागली मात्र, ते किंचाळलं. गर्रकन फिरलं आणि आलं त्याच वेगाने पळत जाऊन टिल्डाच्या पिवळ्या सदऱ्यात तोंड खुपसून थरथरत उभं राहिलं.

टिल्डा रडत म्हणत होती, "मी नाही रे, ती! ती बघ, ती!" लकीने सोंडेने बाटली शोधली.

मोगॉची सोंड बराच वेळ तशीच लांब राहिली. मग तिने ती हळूच खाली घेतली. केपोने पुढे केलेली काकडी तिने घेतली नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. विद्यार्थ्यांच्या शिक्षकांनी फोन फिरवले, जिल्ह्याहून अधिकारी आले, ट्रक रिकामाच परत गेला आणि खुन प्रसितना कचेरीत बोलावणं आलं. लकी गावाला मिळालं. पण ते एकट्या टिल्डाच्या मागे चालत होतं, म्हणून डोंगर तिलाच चढावा लागला. पुढे टिल्डा, तिच्या मागे पिल्लू, आणि बरंच अंतर सोडून मोगॉ. पिल्लाने मागे वळून पाहिलं की ती थांबे, म्हणजे ते घाबरायला नको.

रविवारी दुपारी टिल्डाची बस आली. एवाच्या आईने तिला नवा विणलेला सदरा दिला. तिने जुना पिवळा काढून नोपॉच्या हातात ठेवला आणि काही बोलायचा प्रयत्न केला. एवाने त्याचं भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

बस वळणावर दिसेनाशी झाली आणि लकी ओरडू लागलं. संध्याकाळपर्यंत ओरडलं. आता ते रस्त्याकडे तोंड करून उभं राही, आणि मोगॉ त्याच्याकडे तोंड करून. छोटी घंटा त्याच्या गळ्यात होती. हललंच नाही, तर वाजणार कुठून?

"आपण बरोबर केलं ना?" नोपॉने विचारलं. "त्याची एक आई त्यांनी नेली. दुसरी आपण नेली."

फू म्हणाले, "बरोबर केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर केलं म्हणजे दुखत नाही, असं थोडंच आहे."

तेव्हा नोपॉला सुचलं. तिने टिल्डाचा सदरा मोगॉच्या घंटेच्या दोराला, त्या पांढऱ्या सुतांशेजारीच बांधला. तीन आठवड्यांचा घाम, दूध आणि चिखल! सोमवारी सकाळी लकी एक पाऊल पुढे आलं. मग आणखी एक. सदऱ्यात तोंड खुपसलं आणि डोळे मिटून मोगॉच्या पायाला टेकून उभं राहिलं. मोगॉ तासभर हलली नाही. तिने कानसुद्धा हलवला नाही. छोटी घंटा एकदाच वाजली, अगदी हळू.

मंगळवारी शाळेच्या अंगणात सत्कार होता. मागच्या भिंतीवर जाता जाता पाहुण्यांनी बाराव्यांदा रंग दिला होता: मोगॉ आणि लकी, सोंडेत सोंड गुंफलेली, भोवती सतरा लाल बदाम. गावप्रमुख, म्हणजे केपोचे वडील, उभे राहिले.

"या मुलांनी आपल्या गावाचं नाव उजळलं! आम्ही मोठी माणसं झोपलो होतो, यांनी आम्हाला जागं केलं!" टाळ्या झाल्या. मास्तरांनी तिघांच्या मनगटांना सूत बांधलं. केपोने दोन्ही हात पुढे केले.

"आणि नोपॉ! आज जिल्ह्याचे साहेबही इथे आहेत. माग, काय हवं ते माग! शाळेला पत्रे? नदीवर पूल? पक्का रस्ता? गाव आज तुला नाही म्हणणार नाही!"

नोपॉ उठली. भिंतीच्या आडोशाने तिला नदीकाठ दिसत होता. लकी पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभं होतं. मोगॉच्या गळ्यात पिवळा सदरा स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा झळकत होता. सत्काराला सगळं नीटनेटकं दिसावं, म्हणून केपोच्या आईने पहाटेच उठून तो साबणाच्या पावडरीत दोनदा धुतला होता.

"फाती," नोपॉ केपोच्या वडिलांना, आपल्या मानलेल्या काकांना, म्हणाली, "कोणीतरी टिल्डाला फोन करा ना. म्हणावं, एक सदरा पाठव. आणि म्हणावं, धुऊ नकोस."